फडामागे गेलेली माणसं: प्रेक्षकांचा इतिहास शोधायचा कुठे?

सिनॉप्सिस सादर केला त्या दिवशी मला पहिलाच प्रश्न आला, "तमाशावर एवढं लिहून झालंय, तुम्ही नवीन काय करणार?" उत्तर माझ्याकडे होतं, पण तेव्हा ते नीट सांगता आलं नाही. घसा कोरडा पडला आणि मी भलतंच काहीतरी बोलून खाली बसलो. पेटची तयारी करणाऱ्या किंवा विषयाच्या शोधात असलेल्या तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ येणार आहे. म्हणून तेव्हा न सांगता आलेलं उत्तर आज इथे लिहितो.

तमाशावरची चार पुस्तकं समोर ठेवा आणि अनुक्रमणिका बघा. कलावंत आहेत, शाहीर आहेत, गण-गौळण-बतावणी-वग असा क्रम आहे, जात आहे, लावणीतला शृंगार आहे. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतिणींवर १९९५ मध्ये लिहिलेला लेख आणि शैलजा पाईक यांचं २०२२ चं इंग्रजी पुस्तक हे तर टाळून पुढे जाताच येत नाही. संदेश भंडारे यांनी तर कॅमेरा घेऊन फडांबरोबर प्रवास केला. पण तंबूच्या आत जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस? तो कुठून आला, काय सांगून घरून निघाला, उद्या पुन्हा पुढच्या मुक्कामाला का गेला? तो या पुस्तकांत 'प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं' एवढ्या तीन शब्दांत येतो आणि संपतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगितलं जातं. या गोष्टीचा उत्तरार्धही सांगतात: लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. म्हणजे मराठी तमाशाच्या सर्वात प्रसिद्ध प्रसंगात निर्णय घेतला तो प्रेक्षकांनी. पण त्या गर्दीतल्या एकाही माणसाचं नाव आपल्याकडे नाही. माझा विषय इथून सुरू झाला.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा एक रॉक बँड होता. त्याचे चाहते एका गावातला कार्यक्रम ऐकून थांबायचे नाहीत, गाडीत अंथरूण टाकून बँडच्या मागे दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या शहरात जायचे. त्यांना 'डेडहेड' असं नावच पडलं. १९७१ च्या एका अल्बमवर बँडने चाहत्यांना सरळ आवाहन केलं की तुमचा पत्ता कळवा. ही माणसं कार्यक्रम टेपवर उतरवून घ्यायची आणि एकमेकांत वाटायची. ऑक्टोबर १९८४ पासून बँडने अशा टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवायला सुरुवात केली. आज त्या बँडचं दप्तर कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात आहे आणि कुठल्या रात्री कुठे कोणतं गाणं झालं हे तिकडचा अभ्यासक घरबसल्या सांगू शकतो. हे शक्य झालं ते बरंचसं मागे फिरणाऱ्या लोकांमुळे.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची म्हातारी माणसं आठवली. 'नादी' हा शब्द आपल्याकडे आहेच. तमाशाचा नाद लागलेला माणूस. शौकीन हा त्याचा जरा इस्त्री केलेला अवतार. डेडहेडला विद्यापीठ मिळालं, आमच्या नादी माणसाला मिळाल्या त्या शिव्या.

फिरत्या तमाशाचा दौरा कसा चालतो ते आधी समजून घ्या, कारण माणसं शोधायची तर वाट माहीत पाहिजे. संगीत बारी थिएटरात बसते, लोक तिच्याकडे जातात. ढोलकी फडाचा तमाशा स्वतः फिरतो. दसऱ्याला हंगाम उघडतो. ट्रकमध्ये तंबू, कनाती, स्टेजच्या फळ्या, जनरेटर आणि वर माणसं. पाडव्यापर्यंत बहुतेक खेळ तंबूत, तिकिटावर. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन आपल्या यात्रेची सुपारी देतात आणि चैत्र-वैशाखात गावजत्रांचे खेळ सुरू होतात. बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम मिटतो. पावसाळ्यात फड बंद. हे वेळापत्रक शेतीचं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. खरीप निघाल्यावर हातात पैसा येतो आणि मृग लागायच्या आत सगळं आवरतं.

नांदेड-लातूर पट्ट्यात या दौऱ्याचा मोठा मुक्काम म्हणजे माळेगावची यात्रा. नांदेडहून लातूरकडे जाताना रस्त्यालाच माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची पालखी निघते आणि पुढचे काही दिवस माळरानावर शहर वसतं. लाल कंधारी आणि देवणी या दोन्ही बैलांच्या जाती याच भागातल्या, त्यामुळे जनावरांचा बाजार मोठा. घोडे, उंट, गाढवं, कुत्री येतात. भटक्या जमातींच्या पंचायती इथे बसायच्या. आणि एका अंगाला तमाशाचे तंबू, शेजारी-शेजारी.

मी या बाजारावर एवढा का अडलो ते सांगतो. फील्डवर्कला सुरुवात केली तेव्हा मी एक बावळटपणा केला. वह्या-पेनं घेऊन गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांना विचारायचो, "काका, तुम्ही तमाशाला जायचात का?" उत्तर एकच: "छे छे, आपल्याला तसला नाद नव्हता." सूनबाई चहा घेऊन उभी, नातू मोबाइल घेऊन बसलेला, त्यांच्यासमोर कोण कबूल करणार? असे दोन महिने गेले. मग एकदा कंटाळून मी सहज विचारलं, "माळेगावला बैल कितीला घेतला होता?" बस्स. बैलाचा रंग, शिंगं, दात, रुमालाखाली बोटं धरून झालेला सौदा, दलालाने मारलेले पैसे, आणि मग आपसूक, "सौदा सांजेला झाला, रात्री बैल घेऊन निघता येईना, मग बसलो तंबूत जाऊन." पुढे त्याच माणसाने दोन फडांच्या सोंगाड्यांत कोण सरस होतं यावर मला अर्धा तास सुनावलं. नाद नसलेला माणूस, बरं का.

तुम्ही मौखिक इतिहास करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: ज्या गोष्टीची लाज शिकवली गेली आहे ती सरळ विचारून मिळत नाही. बैल हे त्या माणसाचं घराबाहेर पडायचं कारण होतं. तेच कारण माझ्या प्रश्नाचंही झालं. शिवाय बैलाच्या खरेदीची पावती असते. तिच्यावर नाव, गाव, तारीख असते आणि लोक ती ट्रंकेत जपून ठेवतात. 'त्या वर्षी मी तिथे होतो' हे आठवणीवर सोडायची गरज नाही, पावती काढायला सांगा.

पण एकदा गेला ते समजलं. पुन्हा पुढच्या मुक्कामाला का गेला? वग तोच असतो, राजा तोच, प्रधान तोच. इथे मी बराच काळ चुकत होतो, कारण मी वगाच्या छापील संहिता वाचत होतो. बतावणी छापलेली नसते. सोंगाड्या त्या-त्या गावचा सरपंच, सोसायटी, पाटबंधाऱ्याचं पाणी, नुकतीच झालेली निवडणूक उचलतो आणि जागेवर बोलतो. काल एका गावात गाजलेला विनोद आज दुसऱ्या गावात कसा वळवला जातो हे बघायलाच माणूस जायचा. दुसरं कारण चुरस. यात्रेत दोन तंबू लागून असले की एका तंबूतले लोक उठून दुसरीकडे गेले की नाही यावर फडाची त्या वर्षीची पत ठरायची. आपल्या फडाचा तंबू भरलेला दिसावा म्हणून माणसं ओळीने दोन रात्री बसायची. फर्माईश, दौलतजादा, वन्स मोअर हे सगळं त्या चुरशीचा भाग. पैसे उधळणारा दिसतो म्हणून त्याच्याबद्दल लिहिलं गेलं. तिकिटाचे पैसे जेमतेम जमवून मागे बसणारे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही.

आता कागदपत्रं. इथे नांदेड-लातूरवर काम करणाऱ्यांना दोन खड्डे लागतात. पहिला खड्डा म्हणजे लातूर हा जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. त्याआधीचं सगळं उस्मानाबाद जिल्ह्याच्या नावाखाली शोधा. १९६१ च्या जनगणनेने महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा एक स्वतंत्र खंड काढला आहे. कुठल्या गावी, कुठल्या तिथीला, कोणत्या देवाची जत्रा याची जिल्हावार यादी त्यात आहे. माझा अर्धा नकाशा त्या खंडातून तयार झाला. पण त्यात 'लातूर जिल्हा' शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल. माळेगावही आज लोहा तालुक्यात दिसतं, जुन्या कागदांत कंधार तालुक्यात बघायचं.

दुसरा खड्डा मोठा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटी लावून उठवली, हे सगळ्या पुस्तकांत आहे. ते वाचून आपण 'महाराष्ट्रात बंदी होती' असं लिहून मोकळे होतो. मुंबई सरकारचा हुकूम नांदेडला चालत नव्हता, हो! तिथे हुकूम चालायचा हैदराबादचा आणि त्याचे कागद उर्दूत आहेत. ते बघायला तारनाक्याच्या अभिलेखागारात जावं लागतं. तुमच्यापैकी कोणी उर्दू शिकायला तयार असेल तर 'बंदीच्या काळात सरहद्दीच्या अलीकडचा तमाशा' हा विषय मी आनंदाने सोडून देतो. मला उर्दू वाचायला अजून बोट ठेवावं लागतं.

कागद नसले तरी एक साधन कुणालाही मिळतं, ते म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची गाडी. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. तिकडे मनमाड-सिकंदराबाद मार्गावर नांदेड. लातूरचा माणूस पंढरपूरला रेल्वेने जाऊ शकत होता, पण नांदेड आणि लातूर यांच्यामध्ये मात्र त्याला रस्ताच धरावा लागायचा, आधी बैलगाडीने आणि मग एसटीने. जत्रांची यादी, तिथ्या, गाडीच्या वेळा आणि गावांमधली अंतरं एका कागदावर मांडा. कोणत्या दोन जत्रांना एकच माणूस हजर राहू शकतो आणि कोणत्या नाही, हे लगेच दिसतं. मला मुलाखतीत सांगितलेले काही प्रवास या तक्त्यावर बसलेच नाहीत. माणूस खोटं बोलत होता असं नाही, दोन वर्षांच्या आठवणी एकात मिसळल्या होत्या. खेळ पहाटेपर्यंत का चालायचा, याचं एक उत्तरही तक्त्यात आहे. रात्री परतायला गाडीच नव्हती. पहिली एसटी सुटेपर्यंत लोकांना बसवून ठेवणं फडालाही सोयीचं, लोकांनाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला आणि उशिरा रंगणाऱ्या वगाची कंबरच मोडली. याची चर्चा नेहमी कलावंतांच्या बाजूने होते. दहाला तंबूबाहेर पडलेला परगावचा माणूस रात्र कुठे काढणार, हे कोणी विचारत नाही.

सिनेमा-कादंबऱ्यांबद्दल एक इशारा. फडामागे गेलेला माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर 'पिंजरा'तला मास्तर येतो. व्ही. शांतारामांचा हा चित्रपट १९७२ चा, डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. आदर्श माणूस फडात जातो आणि मातीला मिळतो. पण त्या कथेचं मूळ जर्मनीतल्या 'ब्लू एंजल' या १९३० च्या चित्रपटात आहे. तिथला प्राध्यापक कॅबरेतल्या गायिकेपायी बरबाद होतो. म्हणजे मराठवाड्यातल्या शौकिनाचा पुरावा म्हणून आपण ज्याकडे बघतो तो मास्तर बर्लिनहून आलाय! तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पांढरपेशा समाजाला कशाची भीती वाटत होती, याचा तो उत्तम पुरावा आहे. प्रेक्षकाचा पुरावा म्हणून वापरू नका. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा त्यापेक्षा जवळचा वाटतो. तो आधी तमाशा बघणारा आहे आणि मग स्वतः फड उभा करतो. तोही कोल्हापूरकडचा, हे विसरू नका.

आता ज्या भागामुळे माझा विषयच बदलला तिकडे येतो. मी तमाशाच्या वाटा काढत असताना त्याच गावांतून दुसरा एक दौरा जाताना दिसायला लागला. त्याला तंबू नव्हता, तिकीट नव्हतं. चौदा एप्रिलला सुरू होणारी आणि मे संपेपर्यंत चालणारी भीमजयंती. बाहेरच्या माणसाला वाटतं जयंती एक दिवसाची. मराठवाड्यातल्या खेड्यांत प्रत्येक गाव आपली वेगळी तारीख धरतं, कारण गायक एका रात्री एकाच गावात गाणार. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावं ज्या रात्री जिथे, त्या रात्री आसपासच्या गावांतली माणसं तिथे. आज या गावी, उद्या त्या. दौराच हा.

इथल्या श्रोत्याने मात्र एक गोष्ट केली जी तंबूतल्या श्रोत्याने केली नाही. तो वही घेऊन यायचा. दोनशे पानी, शाळेची. गाणं ऐकता-ऐकता उतरवून घ्यायचा, राहिलेली ओळ पुढच्या गावी पुरी करायचा. ज्याला लिहिता येत नाही तो पोराला शेजारी बसवायचा. मी पाहिलेल्या वह्यांत एकाच गाण्याची ओळ तीनदा खोडून वेगवेगळ्या शाईत लिहिलेली दिसते. म्हणजे तो माणूस तीनदा ऐकायला गेला. डेडहेडच्या टेपचं काम इथे वहीने केलं. काही वह्यांत गाण्याखाली गावाचं नाव आणि तारीखही आहे. अशी वही हातात आली की एका श्रोत्याचा अख्खा हंगाम नकाशावर काढता येतो.

आणि मग तारखा बघताना हात थांबतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याच्या दोन महिने आधीच नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं होतं. या सोळा वर्षांत गायकामागे दुसऱ्या गावी गाणं ऐकायला जाणं हा नाद नव्हता. परक्या गावची वाट रात्री तुडवायची, कोणत्या शिवेतून जायचं आणि कोणत्या टाळायचं, सोबत किती जण, परतायचं की तिथेच वस्तीवर झोपायचं, हा प्रत्येक निर्णय जिवाशी होता. माझ्या तक्त्यात मी अंतर आणि गाडीच्या वेळा मांडल्या होत्या. एका वहीच्या मालकाने तो तक्ता बघितला, त्यातल्या दोन गावांमधल्या सरळ रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इकडून नाही. आम्ही नदीकडून जायचो, फेर पडायचा." त्यापेक्षा जास्त तो बोलला नाही. मी तक्ता पुन्हा काढला.

बायकांचं वेगळं सांगावं लागेल. तंबूत त्या फार कमी, आणि मुक्काम-दरमुक्काम फिरणं तर नाहीच. जयंतीच्या कार्यक्रमात मात्र पुढे बायका-पोरंच बसलेली. पण त्यांच्या नावावर वह्या मिळत नाहीत. त्यांनी गाणी तोंडपाठ केली, जात्यावर, शेतात, पाळण्यापाशी म्हटली. त्यामुळे मुलाखत घेताना मी आता "तुम्ही कुठे ऐकलं" असं विचारत नाही. "हे गाणं तुमच्या घरात कोणी आणलं" असं विचारतो. बऱ्याचदा उत्तर 'माहेराहून' असं येतं. गाणं लग्नाबरोबर दुसऱ्या तालुक्यात गेलेलं असतं. हाही एक दौराच आहे आणि त्याचं वेळापत्रक कुठल्याच एसटी आगारात मिळणार नाही.

शेवटचं एक, कामाचं. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. त्यावर पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चं पुस्तक वाचाच. कंपन्यांच्या कॅसेटी बाजारात मिळतात, त्यात प्रेक्षक नसतो. मला हव्या होत्या त्या समोर बसून कोणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून भरलेल्या. त्या घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, बुरशी धरून पडलेल्या असतात. मिळाल्या तर लगेच वाजवू नका, टेप तुटते. आधी कोरड्या जागी ठेवा, डिजिटल करून देणारा माणूस शोधा, मूळ कॅसेट मालकाला परत करा आणि तसं लिहून द्या. मला मिळालेल्या पहिल्या कॅसेटमध्ये गायकाचा आवाज लांबून येतो, शब्द नीट कळतही नाहीत. जवळून ऐकू येतं ते वेगळंच: जनरेटरची घरघर, रडणारं पोर, "सरकून बसा की", कोणीतरी विडी मागतो, आणि गाण्याची पहिली ओळ सुरू व्हायच्या आतच मांडीवर टेप घेऊन बसलेला माणूस ती पुरी करतो.